एकच तालुका, एकच कायदा, तरी सरपंच निवडायच्या दोन तऱ्हा

पोस्ट मोठी आहे, पण बरेच दिवस मनात साठलंय, म्हणून सगळं लिहितेय.

माझं माहेर आणि सासर एकाच तालुक्यात, मध्ये जेमतेम अकरा किलोमीटर. माहेरी सरपंच अख्खं गाव मत देऊन निवडतं. सासरी गावाने नऊ सदस्य निवडले आणि त्या नऊ जणांनी बंद खोलीत सरपंच निवडला. ग्रामपंचायतीचा कायदा दोन्हीकडे तोच, १९५८ चा. फरक एवढाच की माहेरची निवडणूक २०१७ ला आणि मग २०२२ च्या डिसेंबरात झाली, तर सासरची १५ जानेवारी २०२१ ला.

जुलै २०१७ मध्ये सरकारने ठरवलं, सरपंच थेट जनतेतून. सरकार बदललं आणि २०२० मध्ये कायदा फिरवून सरपंच पुन्हा सदस्यांच्या हातात दिला. ३० जून २०२२ ला परत सरकार बदललं, पंधरवड्याच्या आत परत थेट सरपंच. माहेरच्या लोकांनी दोन्ही वेळा थेट मत दिलं, त्यामुळे मधल्या काळात तो हक्क गेला होता आणि परत आला, याचा त्यांना पत्ताही नाही. सासरची निवडणूक नेमकी त्या मधल्या फटीत सापडली.

तेव्हा काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या वेळी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडतही निवडणुकीनंतर ठेवली होती. आमच्याकडे एका पॅनेलचे सहा आले, दुसऱ्याचे तीन. गुलाल उधळून झाला, डीजे वाजून झाला. मग सोडत निघाली ती नागरिकांच्या मागास प्रवर्गातल्या (ओबीसी) महिलेसाठी. सहा जणांच्या पॅनेलची त्या प्रवर्गातली बाई पडलेली, आणि त्या प्रवर्गातली निवडून आलेली एकमेव बाई समोरच्या तिघांतली. पुढचे बारा दिवस ती बाई कुठे आहे हे तिच्या सासूलासुद्धा सांगितलं नव्हतं. लोक म्हणायचे "सहलीला गेलेत". ती सरपंच झाली, कामही बरं केलं, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आपण कोणाला सरपंच करतोय हे मत देताना गावातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं, ही गोष्ट मला अजून टोचते.

थेट सरपंचातही सगळं छान असतं असं नाही. माहेरी पहिल्या खेपेला सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या गटाचं आलं. मासिक सभेत विषय मंजूर होईनात, नळपाण्याच्या कामाचा ठराव दोन पावसाळे लटकला. तरी मला विचाराल तर गावात थेट सरपंचच हवा. काम अडलं तर लोक निदान एका माणसाच्या दारात जाऊन जाब विचारू शकतात.

नगराध्यक्षांचंही तेच. २००१ ला थेट, २००६ ला बंद, २०१६ ला थेट, २०२० ला बंद, २०२२ ला पुन्हा थेट. आणि शहरातला प्रभाग तर विचारूच नका. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक हे टिकून राहिलं. बाकी महापालिकांत २००२ ला तीनचा प्रभाग (म्हणजे एका प्रभागातून तीन नगरसेवक), २००७ ला एकचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. मग २०१९ मध्ये कायदा करून एकचा आणला, तो एकदाही न वापरता २०२१ मध्ये तीनचा केला, तोही न वापरता २०२२ मध्ये परत चारचा. आता जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ जागा होत्या. चाळीस प्रभाग चार-चारचे, एक पाचचा.

मी शिक्षिका होते. २१ फेब्रुवारी २०१७ ला पुण्यात मला मतदान केंद्रावर ड्यूटी होती. 'अ' जागेची मतपत्रिका पांढरी, 'ब' ची फिकी गुलाबी, 'क' ची पिवळी, 'ड' ची निळी. चारही मतं दिल्याशिवाय मशीनचा लांब आवाज येत नाही. दुपारी एक आजी आल्या, नऊवारीत, हातात मतदार स्लिप घट्ट धरलेली. आत गेल्या, एक बटण दाबलं आणि निघाल्या. आवाज झाला नाही. मी जागेवरून म्हणाले, "आजी, अजून तीन मतं राहिलीत." त्या म्हणाल्या, "बाई, मी एकीलाच वळखते. तिला दिलं की." आम्हाला मशीनपाशी जाता येत नाही. लांबूनच सांगितलं, कोणीच पसंत नसेल तर शेवटचं 'नोटा'चं बटण दाबा, प्रत्येक रंगावर दाबा. त्या परत आत गेल्या. बराच वेळ लागला, मागे रांगेत कुरकुर सुरू झाली. बाहेर आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या आणि मला म्हणाल्या, "चुकलं तर नाही ना माझं?" त्यांचं काय चुकणार होतं? ज्या पद्धतीत त्यांना मत द्यायला लावलं ती त्यांना कोणी विचारून आणली नव्हती. चारच्या प्रभागात ड्रेनेज तुंबलं तर चौघांपैकी कोणाकडे जायचं हे आजही आमच्या सोसायटीला कळत नाही. शहरात एक वॉर्ड, एक नगरसेवक, हे माझं मत.

हे सगळं इतकं सहज कसं बदलता येतं? लोकसभा-विधानसभेच्या मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो, त्याच्या आदेशाला सरकार हात लावत नाही. पण ७३ आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायत आणि पालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली दिल्या, आणि अध्यक्ष कसा निवडायचा, प्रभाग केवढा, हे कायदे करणं राज्याच्या विधिमंडळाकडे ठेवलं. म्हणजे ज्यांचे कार्यकर्ते निवडणूक लढवणार तेच नियमही ठरवणार. मार्च २०२२ मध्ये तर प्रभागरचनेचा अधिकारच आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. विधेयक एकमताने मंजूर झालं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे सगळे पक्ष त्या दिवशी एका बाजूला होते, म्हणून मी कुठल्या एका पक्षाला दोष देत नाहीये. ओबीसी आरक्षण वाचवायला वेळ हवा, हे कारण दिलं होतं. ते आरक्षण मलाही हवंच आहे. पण त्यासाठी प्रभागाच्या रेषा आखणारी पेन्सिल कायमची मंत्रालयात कशाला न्यायची? मुंबईच्या २२७ जागा एका सरकारने २३६ केल्या, दुसऱ्याने पुन्हा २२७. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. तेही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मुदत घालून दिली, तेव्हा.

शेजारी गोव्यात तर सरकारने आपल्या कायदा सचिवालाच राज्य निवडणूक आयुक्ताचं काम दिलं होतं. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते साफ चूक ठरवलं, सरकारी नोकरीतला माणूस या पदावर नको, असं बजावलं.

राजस्थानात २०१४ च्या अखेरीस सरपंचाला आठवी पासची अट घातली, २०१९ मध्ये पुढच्या सरकारने ती काढली. हरियाणात शिक्षण, घरात शौचालय, वीजबिल थकलेलं नको, अशा अटी आल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने त्या मान्यही केल्या. आपल्याकडेही २०१७ मध्ये १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सरपंचाला सातवी पासची अट आली. जन्मभर शिकवलेली बाई म्हणून सांगते, ही अट मला पटत नाही. माझी आई दुसरीपर्यंत शिकलेली. पाच वर्षं सदस्य होती. कागद माझ्याकडून वाचून घ्यायची आणि आकडा चुकला तर वाचणाऱ्याच्या आधी तिला कळायचं. ज्या मुलीला शाळेत पाठवलं नाही तिला पुन्हा पंचायतीतूनही बाहेर ठेवायचं, हा दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

माझं मागणं साधं आहे. मुदत संपायच्या आधीच्या एका वर्षात निवडणुकीचा कुठलाही नियम बदलला, तर तो या निवडणुकीला लागू न होता त्याच्या पुढच्या निवडणुकीला लागू व्हावा. म्हणजे फायदा कोणाला होईल हे बदलणाऱ्यालाही माहीत नसेल. आणि प्रभागरचना आयोगाने करावी, पूर्णपणे. थेट की सदस्यांतून, एकचा की चारचा, यावर आपण खुशाल भांडू. तुमचं मत वेगळं असेल तर खाली जरूर लिहा. पण तुमच्या आमदारांना एवढं नक्की विचारा, की २०२२ मध्ये ते सभागृहात असतील तर त्या विधेयकाला त्यांनी विरोध का केला नाही, आणि तो अधिकार आयोगाला परत द्यायचं विधेयक ते मांडणार आहेत का.

सासरी आमच्या पुतण्याला सरपंचपदाला उभं राहायचंय. परवा फोनवर विचारत होता, "काकू, आता गावातून निवडून यायचं की सदस्यांतून?" आज नियम थेटचा आहे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मतदानाच्या दिवशीही हाच असेल ना?"