वितळते १७० अंशांना, मग मर्यादा ८० ची का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पीव्हीडीएफ (पॉलीव्हिनिलिडीन फ्लोराइड) या दाबल्यावर वीज देणाऱ्या प्लास्टिकच्या फिल्मवरचा माझा लेख तुम्ही बारकाईनं वाचलात हे प्रतिक्रियेतून दिसतंच आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप दोन आहेत. फिल्म वितळते १७० अंश सेल्सिअसला, तर ‘८० च्या वर वापरू नका’ हा सल्ला म्हणजे विनाकारण भीती घालणं. आणि जिचा पीझोइलेक्ट्रिक गुणांक (बलामागे किती विद्युतप्रभार मिळतो त्याचं माप) पीझेडटी या नेहमीच्या पीझोइलेक्ट्रिक सिरॅमिकच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही, तिचं एवढं कौतुक कशासाठी? शेवटी तुम्ही विचारलंय की ९० अंशांपर्यंत तापणाऱ्या पंपाच्या आवरणावर कंपनं मोजायला ही फिल्म चिकटवावी का.

८० च्या मर्यादेबद्दल मी ठाम आहे. १७० हा स्फटिक वितळण्याचा आकडा आहे आणि या फिल्ममध्ये स्फटिकी भाग साधारण निम्माच असतो. उरलेल्या अस्फटिक भागाचं काच-संक्रमण (काचेसारख्या कडक अवस्थेतून मऊ होणं) उणे ४० अंशांच्या आसपास होतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला तो केव्हाच मऊ झालेला असतो. फिल्म वाकते ती त्याच्यामुळेच.

आता ही फिल्म बनते कशी ते बघा. वितळलेलं पीव्हीडीएफ नुसतं थंड केलं, तर ते बहुधा अल्फा या स्फटिकरूपात गोठतं. त्यात शेजारशेजारच्या साखळ्यांचे द्विध्रुव (धन-ऋण प्रभारांच्या जोड्या) एकमेकांना रद्द करतात, हाती काही लागत नाही. उपयोगाचं बीटा रूप मिळवण्यासाठी फिल्म ८० ते १०० अंशांना चार-पाच पट ताणावी लागते आणि मग प्रबळ विद्युत क्षेत्रात पोलिंग, म्हणजे द्विध्रुव एका दिशेला वळवणं, करावं लागतं. हेइजी कावाई यांनी १९६९ मध्ये पीव्हीडीएफमधला तीव्र पीझोइलेक्ट्रिक परिणाम दाखवला, तोही अशाच ताणलेल्या, पोल केलेल्या फिल्ममध्ये. हा ताण फिल्मच्या आत साठून राहतो. तिला पुन्हा त्याच तापमानाजवळ नेलं की साखळ्या हलू लागतात आणि फिल्म आकसते. गरम हवेचा झोत दिल्यावर पॅकेटवर आवळून बसणारं प्लास्टिक आकसतं तशीच. बीटा स्फटिक शाबूत असतात, तरी ध्रुवीकरण हळूहळू घटतं. चौकटीत घट्ट धरून अनीलिंग केलं (काही वेळ तापवून ठेवलं) तर हे आकसणं बरंच कमी होतं, पण पूर्ण थांबत नाही. ज्या ताणानं फिल्मला गुण दिला, त्यानंच तिची उष्णतेची मर्यादाही ठरवली. म्हणून या पदार्थाचे औष्णिक आणि यांत्रिक गुणधर्म वेगवेगळ्या तक्त्यांत वाचणं मला पटत नाही.

वितळणं आणि फेरोइलेक्ट्रिक गुण (विद्युत क्षेत्रानं दिलेलं ध्रुवीकरण क्षेत्र काढल्यावरही टिकवणं) जाणं या दोन निराळ्या घटना आहेत, हे सहबहुवारिकात (दोन मूळ घटक एकाच साखळीत गुंफलेल्या प्लास्टिकात) अगदी स्पष्ट दिसतं. व्हीडीएफ (पीव्हीडीएफचा मूळ घटक) आणि ट्रायफ्लुओरोएथिलीन यांच्या ७०:३० प्रमाणातल्या सहबहुवारिकाची फिल्म १५० अंशांच्या आसपास वितळते, पण तापवताना १०० च्या सुमारासच तिचं क्युरी संक्रमण, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक गुण जाणं, होऊन जातं. म्हणजे घनरूप टिकून आहे आणि फेरोइलेक्ट्रिक गुण गेला आहे, असा चांगला रुंद पट्टा मध्ये उरतो. शुद्ध पीव्हीडीएफमध्ये क्युरी बिंदू वितळण्याआधी दिसतच नाही, म्हणून तिथे १७० वर भरवसा ठेवण्याचा मोह होतो.

गुणांकाबद्दल. न्यूटनमागे किती पिकोकुलोम प्रभार मिळतो हे पाहिलं, तर पीझेडटी काही शेकड्यांत आणि पीव्हीडीएफ २०-३० वर. इथवर तुमचं बरोबर आहे, आणि बल लावून काही हलवायचं असेल तर सिरॅमिकच घ्यावं. पण संवेदकात बहुधा व्होल्टेज वाचतात. पीव्हीडीएफचा सापेक्ष परावैद्युतांक (पदार्थात विद्युत क्षेत्र किती दबतं त्याचं माप) १२ च्या आसपास, पीझेडटीचा हजाराच्या पुढे. त्यामुळे तेवढ्याच दाबाला उघड्या टोकांवर विद्युत क्षेत्र फिल्ममध्येच सुमारे दहापट जास्त मिळतं. शिवाय तिचा यंग मापांक (ताठरपणाचं माप) २ ते ४ गिगापास्कल, सिरॅमिकचा साठेक. पाण्याची ध्वनिबाधा (ध्वनिलहरींना होणारा विरोध) दीड मेगारेल, पीव्हीडीएफची चारच्या आसपास, पीझेडटीची तीसच्या पुढे. गणित केलं तर पाणी आणि पीझेडटी यांच्या सीमेवर ध्वनिऊर्जेचे पाचातले चार भाग परत फिरतात, पीव्हीडीएफच्या सीमेवर जेमतेम एक. हायड्रोफोनच्या (पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या) पडद्यासाठी ही फिल्म का निवडतात, याचं उत्तर या मऊपणात आहे. आणि ‘प्लास्टिक टिकणार नाही’ असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो: २००६ मध्ये निघालेल्या न्यू होरायझन्स यानावरचा, कोलोरॅडो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला धूलिकण मोजणारा संवेदक पीव्हीडीएफ फिल्मचाच आहे आणि तो प्लूटोच्याही पलीकडे पोहोचला.

आता तुमचा पंप. ९० अंशांच्या आवरणावर साधी ताणलेली पीव्हीडीएफ फिल्म चिकटवू नका. सुरुवातीला वाचन छान येईल, मग संवेदनक्षमता घसरत जाईल आणि कंपन कमी झालं की फिल्म थकली, हे तुम्हाला ओळखता येणार नाही. तिथे पीझेडटीचा कंपनमापक लावा. फिल्मच वापरायची असेल, तर ६० अंशांच्या आत राहणाऱ्या पायाच्या चौकटीवर लावा. एकाच दिशेनं ताणलेल्या फिल्मचा ताणाच्या दिशेतला गुणांक आडव्या दिशेतल्यापेक्षा सात-आठ पट असतो, तेव्हा ती दिशा जिथे वाक जास्त आहे तिकडे ठेवा. चिकटवायला पातळ, कडक इपॉक्सी घ्या. दुहेरी टेपचा मऊ थर विकृतीचा (पृष्ठभागाच्या ताणल्या-आवळल्या जाण्याचा) मोठा वाटा स्वतःच गिळतो. फिल्म पायरोइलेक्ट्रिकही (तापमान बदललं की प्रभार देणारी) आहे, पंप तापतानाचा संथ प्रभार तुमच्या वाचनात मिसळेल, म्हणून १ हर्ट्झच्या खालचं सगळं फिल्टरनं कापून टाका.