ड्रम आले म्हणून बाई बिघडली?

एका लेखात म्हटलंय की कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेलनं १९७४ च्या 'कोर्ट अँड स्पार्क' या अल्बममध्ये फोक सोडून पॉप-रॉकची वाट धरली आणि तिथंच तिचा साधेपणा संपला. नाही पटलं बुवा. मी ही एलपी एका रविवारी जुन्या बाजारातून घासाघीस करून आणली, कव्हरला कुबट वास, कोपरा उंदरानं खाल्लेला, आणि सदाशिव पेठेतल्या खोलीत लावली तर पहिलं गाणं नुसत्या पियानोवरच सुरू, एकटा आवाज, मग बाकीचे हळूच आत येतात, पाहुण्यांनी चपला काढून यावं तसे. आणि हे बघा, तिला लहानपणी पोलिओ झालेला, डावा हात कमजोर, म्हणून गिटारच्या तारा ती आपल्याच पद्धतीनं लावायची, त्या तिरक्या सुरांना नुसता धाडधाड रॉक ड्रमर काय पुरणार, टॉम स्कॉटच्या एल.ए. एक्सप्रेस या बँडमधली जॅझवाली मंडळीच पाहिजेत. यातलं 'हेल्प मी' हे गाणं अमेरिकेत टॉप टेनमध्ये गेलं, तिचं तेवढं एकच. पण चाललं म्हणजे विकली गेली, हे आपलं खास पुणेरी लॉजिक! बाकी तिचा आधीचा अल्बम 'ब्लू' मलाही जास्त जवळचा, आणि 'कोर्ट अँड स्पार्क'मधलं शेवटचं गाणं 'ट्विस्टेड' आलं की मी सुई उचलतो, तेवढं मान्य.