170 पैकी 60

माझी सायकल डोंगर उतरायला बनवलेली आहे आणि मी इंदूरच्या सपाट सुदामानगरात राहतो. खरं तर विषय इथेच संपतो, पण दोन वर्षं झाली तरी घरात तो संपत नाहीये म्हणून लिहायला बसलोय.

झालं असं की पुण्याचा एक मुलगा कॅनडाला चालला होता, त्याला त्याची फुल सस्पेन्शन माउंटन बाइक विकायची होती, आणि मी रात्री साडेबाराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस, गराडू आणि वर परत रबडी असं सगळं हाणून, त्या जडपणात मोबाइलवर तिचे फोटो बघत होतो. अशा वेळी माणसानं झोपावं. मी पैसे पाठवले. किती ते विचारू नका, घरी सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यांचं नातं फार तर चुलत आहे.

ट्रान्सपोर्टच्या खोक्यातून सायकल निघाली तेव्हा निम्मी गल्ली जमली होती. आईनं एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, “स्टँड कुठंय?” नसतं गं हिला. “मडगार्ड?” नसतं. “घंटी? कॅरियर? चेनकव्हर?” नाही, नाही, नाही. “मग अर्धीच पाठवलीय की त्यानं! फोन लाव त्याला, अजून गेला नसेल विमानात.” समोरच्या घरातले एकजण दातात ब्रश धरून आले आणि म्हणाले, “भिया, कित्ते की पड़ी?” मी चुलत आकड्याचाही धाकटा भाऊ सांगितला. तरी ब्रश तोंडातून बाहेर आला. “इत्ते में तो पेट्रोल वाली आ जाती!”

आता ही काय चीज आहे ते सांगतो. हिचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा शॉकवाला चिमटा, 170 मिलिमीटर दबतो (या दबण्याला ट्रॅव्हल म्हणतात), मागचं चाक 160 मिलिमीटर वर येतं, टायर 29 इंची, हँडल 80 सेंटिमीटर रुंद. शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे कारण आमचं फाटक त्याहून दोन बोटं कमी आहे, म्हणून ही सायकल रोज घरात तिरकी, लाजत, नव्या सुनेसारखी येते. या खेळाची गंमत म्हणजे 1976 साली कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतली पोरं एका डोंगरावरून खाली शर्यती लावायची, त्या जुन्या जाड टायरच्या सायकलींवर, उलटं पेडल मारलं की मागचं चाक थांबतं तो ब्रेक, सस्पेन्शनच्या नावानं शून्य. एका उतारात तो ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर खेपेला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून ग्रीस परत भरावं लागायचं, म्हणून त्या रस्त्याचं नावच ‘रीपॅक’ पडलं. म्हणजे आमच्या दूधवाल्याच्या सायकलीच्या लांबच्या बहिणीवर ती पोरं डोंगर उतरली, आणि मला दूध आणायला 170 मिलिमीटर लागतात.

तर मूळ दुखणं एका रबराच्या रिंगचं आहे. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक बारीक काळी रिंग असते, ओ-रिंग म्हणतात. निघताना ती खाली, नळी जिथे आत शिरते तिथल्या सीलपर्यंत, सरकवून ठेवायची. फोर्क दबला की ती वर ढकलली जाते आणि तिथेच थांबते, नळी परत बाहेर येते पण रिंग खाली येत नाही. म्हणजे दिवसभरात तुमच्या सायकलनं जास्तीत जास्त किती मार खाल्ला हे संध्याकाळी नळीवर लिहिलेलं असतं. प्रगतिपुस्तकच ते. आणि दोन वर्षं माझं प्रगतिपुस्तक एकच मार्क दाखवतंय, 170 पैकी 60. म्हणजे 35 टक्के. आपल्याकडे मध्य प्रदेशात 33 ला पास करतात म्हणून मी पास आहे, महाराष्ट्रात असतो तर श्वास रोखून निकाल बघावा लागला असता. त्यातही साधारण 35 मिलिमीटर तर मी नुसता सायकलवर बसलो की जातात, ते वजनाचे ग्रेस मार्क. उरलेले 25 स्पीडब्रेकरचे. मी मनाची समजूत अशी घालतो की 1989 साली रॉकशॉक्स कंपनीचा पहिला फोर्क आला तो पुरता दबून जेमतेम दोन इंच, मी त्याच्या पुढे आहे!

नुसतं बसल्यावर सायकल किती दबते त्याला सॅग म्हणतात आणि तो मापून हवा भरायची असते. मापायला दोन माणसं लागतात, एक बसायला आणि एक मापायला आणि खरं म्हणजे तिसरं सायकल धरायला. रविवारी सकाळी हेल्मेट, पाठीवर भरलेली पाण्याची पिशवी, गुडघ्याला पॅड असा मी पोर्चमध्ये भिंतीला खांदा टेकवून उभ्या सायकलवर बसलोय, बायको मुलाच्या कंपासमधली पट्टी घेऊन मागच्या शॉकपाशी वाकलीय आणि बाहेर कचरागाडी गाणं वाजवत थांबलीय, गाडीवाला बघतोय. “किती?” “सत्तावीस.” “वीस यायला पाहिजेत गं.” “मग वजन कमी करा नाहीतर हवा भरा. हवा स्वस्त आहे.”

हवाही स्वस्त नाही. नेहमीच्या सायकलवाल्याकडे गेलो तर त्यानं आधी टायरचा बारीक, पितळी टोकाचा व्हॉल्व्ह बघून विचारलं, “इसकी छुच्छी कां हे?” टायरात 25 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) घाल म्हटलं तर हसला, त्याच्या दुकानातून टायर दगडासारखा झाल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. मग म्हटलं आता या मागच्या शॉकमध्ये 220. तो मागे सरकला. “भिया, ट्रक में भी इत्ती नी भराती.” बरोबर होतं त्याचं. त्यासाठी वेगळा छोटा शॉकपंप घ्यावा लागला, इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजसारखा, त्याला काटा. आता या पंपाचं असं की हवा भरून पंप काढताना फुस्स होतं, तो आवाज नळीतल्या हवेचा असतो, शॉकमधली जात नाही, पण संशय येतो म्हणून परत लावून बघायचं, तर लावल्यावर शॉकमधली थोडी हवा रिकाम्या नळीत शिरते आणि काटा कमी दाखवतो, मग परत भरा, परत काढा, फुस्स, परत संशय. हा खेळ मी एकदा दोन तास खेळलो. शेवटी बायकोनं पंप काढून घेऊन तांदळाच्या डब्यात ठेवला.

आईचं आणि सायकलचं मात्र जमलं. पहिल्या महिन्यातच जमलं. तिचं म्हणणं, एवढी महागाची वस्तू (आकडा तिला कुणी सांगितला देव जाणे) धूळ खात कशी ठेवायची, म्हणून रोज पूजा झाली की ती जुन्या धोतराच्या फडक्यानं सायकल पुसते. एक दिवस पुसताना तिला वाटलं की चाकातली चकती कोरडी पडलीय, परवा करकर वाजत होती, म्हणून मायेनं शिवणाच्या मशीनचं तेल दोन्ही चकत्यांना. दोन-दोन थेंब. फडक्यानं सारखं पसरवून. ती ब्रेकची डिस्क. मला माहीत नाही, मी आपला सकाळी निघालो, कॉलनीच्या वळणावर ब्रेक दाबले तर आधी काहीच झालं नाही, आणि मग शाळेच्या बँडमधल्या सगळ्या पोरांनी एकदम फुंकर मारावी तसा आवाज. आवाज भरपूर, थांबणं काही नाही. पाय घासत घासत मी पोह्याच्या ठेल्यापाशी उभा राहिलो तर ठेलेवाला शांतपणे, “दो पिलेट?” केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून डिस्क धुतल्या, पॅडनी तेल पिलं होतं ते फेकून नवे घातले, आणि घरात ठराव झाला की आईनं फक्त पुसायचं, तेल नाही.

मग एकदा शेजारच्या काकांना एक चक्कर हवी होती. वय 72. या सायकलच्या हँडलवर डाव्या हाताला एक खटका असतो, तो दाबला की सीट खाली जाते, उतारावर सीट आड येऊ नये म्हणून. काकांना वाटलं घंटी. पुढचं मी लिहीत नाही, काका अजून आमच्याशी बोलतात एवढं पुरे.

माळव्याचं पठार दक्षिणेला एकदम संपतं आणि खाली नर्मदेकडे उतरतं, म्हणजे उतार आहेत, फक्त ते सुदामानगरपासून लांब आहेत. पावसाळ्यात जाता येत नाही, काळी माती टायरला अशी धरते की वीस पावलांत चाक फिरायचं थांबतं आणि सोळा किलोची सायकल पंचवीस किलोची होऊन आपल्या खांद्यावर बसते. म्हणून दिवाळीनंतरचा एक रविवार ठरला, महूजवळचा डोंगर, जानापाव. आमच्या ग्रुपातले चौघं, पिकअपमध्ये सायकली, पहाटे पाचला हॉर्न. मी अंधारात, अर्धवट झोपेत, सायकल तिरकी करून फाटकातून काढली आणि चढवली.

उतरलो. पायवाट, सुटे काळे दगड, सीट खाली, दोन्ही ब्रेकवर दोन्ही बोटं, तोंडात रामरक्षा. दोन जागी मी चालत उतरलो आणि एका जागी बसत उतरलो, त्यात सायकल नव्हती. खाली आल्यावर ग्रुपातले डॉक्टर, ज्यांची रिंग आयुष्यात कधी 140 मिलिमीटरच्या पुढे गेली नाही, माझ्या फोर्कपाशी वाकले आणि तसेच राहिले. “अरे बाप रे. फुल ट्रॅव्हल!”

रिंग अगदी वर टेकली होती. 170 पैकी 170.

“कुठं मारलीस?” “ते वळणानंतर... तो मोठा दगड होता ना...” माझ्या तोंडून आपोआप निघालं. “धक्का बसला असेल जोरात?” मी क्षणभर आठवून बघितलं, मला तर काहीच जाणवलं नव्हतं. “नाही हो,” मी म्हटलं, “महागाच्या फोर्कचं तेच तर आहे, कळत नाही.” फोटो काढले गेले, रिंगचा वेगळा, माझा वेगळा, मग रिंगकडे बोट दाखवणाऱ्या माझा. महूला पोहे-जलेबीचे पैसे मला कुणी देऊ दिले नाहीत, आणि तिशीतल्या एका पोरानं माझ्या प्लेटमध्ये स्वतःच्या हातानं जीरावन भुरभुरलं.

घरी आलो तर आई फडकं घेऊन वाटच बघत होती. “कित्ती माती रे,” म्हणत खाली बसली आणि पुढची नळी पुसता पुसता खूश होऊन म्हणाली, “चला, आज तरी ते काळं रबर जागेवर राहिलं बाई. खाली चिकटून बसतं, त्याच्याखाली धूळ धरते, म्हणून मी रोज नीट वर सरकवून ठेवते, तर तू मेला रोज निघताना परत खाली ओढतोस. काल रात्री पण करून ठेवलं होतं. आज नाही ओढलंस ते बरं केलंस.”

मोबाइल टिंग वाजला. ग्रुपवर जीरावनवाला पोरगा विचारत होता, “दादा, फोर्कमध्ये प्रेशर किती ठेवता?”

मी लिहिलं, “85. आणि फोर्क रोज पुसत जा, त्यानं फरक पडतो.”