पडीक घर, नवखा माणूस आणि पहिला भागीदार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पडीक घरं घेऊन, दुरुस्त करून विकण्याच्या धंद्यात नवख्याने भागीदार कसा शोधावा, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. लेख न वाचलेल्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. ज्याच्या गाठीला ना पैसा ना अनुभव, त्याला भागीदार शोधायला सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला शिकवणं, असं तुमचं म्हणणं. अनुभवी माणूस अशा नवख्याला दारात उभं करणार नाही, आणि जो करेल त्याच्या मनात काळंबेरं असणार. शिवाय घरांचे भाव आता ऑनलाइन दिसतात. तेव्हा एखादं लहान घर एकट्याने घ्यावं, चटके सोसावेत आणि मगच कोणाला सोबत घ्यावं. शेवटी तुम्ही ओळखीतल्या दोन मित्रांचं उदाहरण दिलंत. एका घरावरून त्यांचं बोलणंच बंद झालं.

तुमच्या पहिल्या आक्षेपातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. दहा ओळखीच्यांकडून थोडे थोडे पैसे घ्यायचे, त्यांना 'तुम्ही काही करू नका, नफा घरपोच येईल' असं सांगायचं आणि त्यातून पहिलं घर घ्यायचं, हा प्रकार मी कोणालाही सुचवणार नाही. त्यात कायद्याचाही फास आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ साली हॉवी खटल्यात घालून दिलेली कसोटी तिथे आजही लागते: लोकांनी सामाईक उपक्रमात पैसा घातला आणि नफ्याची आशा दुसऱ्याच्या मेहनतीवर ठेवली, तर तो व्यवहार गुंतवणुकीचा करार ठरतो आणि त्याला रोख्यांचे (शेअर, बाँड अशा गुंतवणुकीचे) नियम लागतात. शिवाय ज्यांचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा नात्यातले किंवा शेजारचे असतात.

पण मी ज्या भागीदाराबद्दल लिहिलं तो पैशाची थैली घेऊन येणारा नव्हता. पैसा कर्जाने मिळतो, मालकाने हप्ते पाडून दिले तर तसाही जमतो. नवख्याकडे नसते ती नजर, आणि बंद घरात नजरच नफा-तोटा ठरवते.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या घरात नवखा माणूस शिरतो तेव्हा त्याला धूळ, तुटलेल्या काचा, रंगाचे पोपडे आणि उखडलेल्या फरश्या दिसतात. हे सगळं स्वस्तातलं काम आहे. त्याच घरात जाणता मिस्त्री हातोडीचा दांडा भिंतीवर टकटक करत चालतो. आवाज भरीव आला की पुढे सरकतो, पोकळ आला की थांबतो. तिथे प्लास्टर भिंतीपासून सुटलेलं असतं. ओलीचा डाग जमिनीपासून वर चढलाय की छताकडून खाली उतरलाय, हे तो आधी बघतो, कारण दोन्हींचं कारण वेगळं आणि खर्चही वेगळा. बारीक, केसासारख्या तड्याकडे तो ढुंकून बघत नाही. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढलेली आणि वर रुंद होत गेलेली तडा दिसली की मात्र तो बाहेर जाऊन पाया बघून येतो. दाराच्या चौकटीला नख लावून वाळवीचा मातीचा माग खरवडतो. न्हाणीत बादलीभर पाणी ओततो आणि ते किती वेळात जातं ते बघत उभा राहतो, कारण तुंबलेली किंवा खचलेली ड्रेनेजची लाईन फरशीच्या खाली असते आणि फोटोत कधीच येत नाही. अर्ध्या तासाच्या त्या फेरीत दुरुस्तीचा अंदाज दुप्पट होऊ शकतो. हे चटके सोसून शिकता येतं, हे खरं. पण एकट्या नवख्याचा तो चटका त्याच्या सगळ्या बचतीचा असतो.

ऑनलाइन भावांबद्दल. घरांचे अंदाजे भाव ऑनलाइन दाखवणाऱ्या झिलो या अमेरिकन कंपनीने २०१८ पासून स्वतः घरं विकत घेऊन, किरकोळ दुरुस्ती करून विकायला सुरुवात केली. घरांच्या किमतींची एवढी माहिती हाताशी असलेल्या कंपन्या फार थोड्या. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी तो विभाग बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जवळपास चौथा हिस्सा कर्मचारी कमी केले. पुढच्या काही महिन्यांत घर कितीला जाईल, याचा अंदाज त्यांना भरवशाने बांधता येईना. स्क्रीनवर दिसतो तो बहुधा मागितलेला भाव, आणि पडीक घराच्या बाबतीत तर आतली अवस्था त्या आकड्यात धरलेलीच नसते. आजूबाजूला नुकती विकली गेलेली घरं प्रत्यक्षात कितीला गेली, कोणतं घर पडून राहिलं आणि का, हे त्या भागात काम करणाऱ्याला ठाऊक असतं.

या धंद्यात ७० टक्क्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: दुरुस्तीनंतर घर ज्या किमतीला जाईल तिचे ७० टक्के काढा, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा, उरेल त्याहून जास्त खरेदीला देऊ नका. तयार घर १०० ला जाणार आणि दुरुस्ती २० ची असेल, तर खरेदी ५० पर्यंत. उरलेल्या ३० मध्ये नोंदणी, वकील, कर्जाचं व्याज, कर, विमा, दलाली आणि तुमचा नफा, सगळं बसवायचं. आता त्या २० चे ३० झाले आणि विक्रीला सहा महिने जास्त लागले असं धरा. व्याज चालूच असतं. विम्याचंही बघावं लागतं, कारण घरगुती विम्याच्या बऱ्याच पॉलिसी घर ३० ते ६० दिवस रिकामं राहिलं की संरक्षण कमी करतात किंवा काढूनच घेतात. रिकाम्या घरासाठी वेगळी, महाग पॉलिसी घ्यावी लागते. एकट्या नवख्याची गणितं इथेच कोलमडतात.

आता 'पडीक' या अवस्थेबद्दल, कारण माझ्या मते एकट्या नवख्याला सगळ्यात मोठा धोका इथे आहे. घर पडीक असलं तरी मालक असतोच. मूळ मालक वारलेला, वारसांची नावं कागदावर चढलेली नाहीत, एक भाऊ विकायला तयार, दुसरा परगावी आणि बहिणीला कोणी विचारलेलंच नाही, असं चित्र नेहमी दिसतं. तयार भावाची सही घेऊन पैसे मोजले, तर हातात त्याचा हिस्सा येतो, घर येत नाही. त्यात थकलेला कर, बँकेचा बोजा, कोर्टातला दावा, आत राहणारं कुळ यांतलं काहीही निघू शकतं. वारसाहक्काची कामं करणारा वकील सोबतीला असेल तर इसार देण्याआधीच हे बाहेर येतं. त्याला फी द्या किंवा जमल्यास भागीदार करून घ्या, पण त्याच्याशिवाय पुढे जाऊ नका. भागीदार म्हणून घेतलंत तर टायटल म्हणजे मालकीहक्काच्या तपासणीपुरता दुसरा, स्वतंत्र वकील लावा, कारण ज्याचा नफ्यात वाटा आहे त्याने आपल्याच व्यवहाराला निर्दोष म्हणणं बरं नाही.

राहिला तुमचा रास्त प्रश्न: जाणता माणूस नवख्याला जवळ का करेल? कारण जाणत्याकडे वेळ नसतो. चांगल्या ठेकेदाराच्या हातात कामं पडलेली असतात. बंद घरांच्या मालकांचा माग काढत फिरणं, सरकारी दफ्तरांत खेटे घालणं, परगावच्या वारसाला शोधून त्याच्याशी चार वेळा बोलणं त्याला जमत नाही. नवख्याने हेच करून त्याच्याकडे जावं. 'मला या धंद्यात यायचंय, मला सोबत घ्या' म्हणणाऱ्याला तो चहा पाजून वाटेला लावेल. एका ठरावीक घराची फाईल घेऊन आलेल्याला मात्र बसवून घेईल. त्या फाईलमध्ये मालकी कोणाकोणाची, थकबाकी किती, प्रत्येक खोलीचे फोटो, जवळपासच्या घरांचे प्रत्यक्ष विक्रीचे भाव आणि मालकांपैकी कोण विकायला राजी आहे, एवढं असलं तरी पुरे. ही फाईल हेच नवख्याचं भांडवल. अशी माणसं भेटतात ती चालू बांधकामांवर, जप्तीतल्या घरांच्या लिलावात, वकिलांच्या आणि हिशेबनिसांच्या ओळखीत. लिलावाला तर बोली न लावता नुसतं जाऊन बसावं; कोण कुठे थांबतो ते बघून कोण हिशेबाने चालतो ते कळतं.

मनात काळंबेरं असलेली माणसं असतात, यात वाद नाही. म्हणून ज्याला भागीदार करायचं त्याचं शेवटचं पुरं झालेलं घर बघा आणि त्या घरात काम केलेल्या प्लंबरला, रंगाऱ्याला गाठून पैसे वेळेवर मिळाले का ते विचारा. धनकोला गोड बोलणारे पुष्कळ असतात. कारागिराचे पैसे बुडवतो की चुकते करतो, त्यावर माणूस कळतो. कुठल्या घरात तोटा झाला, हेही विचारा. कधीच तोटा झाला नाही म्हणणाऱ्याला मी टाळतो.

आणि ते दोन मित्र. त्यांचं लेखी काही ठरलं होतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ठरलं नसेल, तर त्यांच्यात काय झालं असेल याचा अंदाज बांधता येतो. कागद केला नाही तरी नफा वाटून घेण्यासाठी दोघांनी मिळून धंदा केला की कायद्याच्या लेखी ती भागीदारी ठरू शकते, आणि मग वाटणी कायदा करतो. ब्रिटनचा १८९० चा भागीदारी कायदा, अमेरिकेत राज्यांसाठी केलेला १९१४ चा नमुना कायदा आणि भारताचा १९३२ चा कायदा, तिन्हींत वेगळं ठरलं नसेल तर नफा समसमान, आणि तोटाही. पुढचं कलम फार जणांना माहीत नसतं: वेगळं ठरलेलं नसेल तर धंद्यात राबल्याबद्दल भागीदाराला वेगळा मोबदला मिळत नाही. म्हणजे एकाने आठ महिने रोज साइटवर उभं राहून काम करून घेतलं आणि दुसरा फक्त विक्रीच्या दिवशी उगवला, तरी वाटा निम्मा-निम्मा. अशात बोलणं बंद होणारच. त्याचा दोष भागीदारीला देता येत नाही, कारण काय ठरलंय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

म्हणून माझा आग्रह आहे की भागीदारी एकाच घरापुरती असावी, घर विकलं की संपावी, आणि इसार देण्याआधी करार सही होऊन हातात असावा. साइटवरच्या कामाची मजुरी नफ्याआधी, ठरलेल्या दराने. खरेदीखतावर नावं कोणाची, बँक खात्यावर सह्या कोणाच्या (दोघांच्या असाव्यात), दुरुस्ती अंदाजाच्या वर गेली तर जादा पैसा कोण किती घालणार आणि न घातल्यास त्याचा वाटा किती घटणार, हे आकड्यांत लिहावं. ठरलेल्या मुदतीत घर विकलं गेलं नाही तर भाव किती उतरवायचा, की भाड्याने द्यायचं, हेही आधीच. एकाने मध्येच हात वर केले तर दुसऱ्याने त्याचा हिस्सा कोणत्या किमतीला घ्यायचा, ती किंमत काढण्याची पद्धत करारात हवी. भांडण लागल्यावर त्यावर एकमत होत नाही.

तुम्ही म्हणता तसं लहान घरापासून सुरुवात करावी, हे मला पटतं. ते लहान घर जाणत्या भागीदारासोबत घ्यावं, एवढाच आपल्यात फरक राहतो. त्या दोघा मित्रांना विचारून त्यांच्या घराचा हिशेब, नावं न घेता, इथे मांडता आला तर जरूर मांडा: दुरुस्ती अंदाजाच्या किती वर गेली, आणि तो जादा पैसा कोणी घातला.