जसवंतीबेन एकट्या नव्हत्या

गिरगावातल्या एका सेवाभावी क्लबने यंदा आपल्या भागातल्या जुन्या कर्तबगार उद्योजिकेचा गौरव करायचं ठरवलं आणि नाव निघालं जसवंतीबेन पोपट यांचं. ऐकून मला मनापासून आनंद झाला. लिज्जत पापड ज्या गच्चीवर सुरू झाला, ते लोहाणा निवास आपल्या गिरगावातलंच. पण फलकाचा मजकूर नजरेखालून घालायला माझ्याकडे आला, तेव्हा लक्षात आलं की तो महिला दिनाच्या आसपास दरवर्षी मोबाइलवर फिरणारा निरोपच आहे. तुम्हीही तो वाचला असेल. साधारण असा: “एका अशिक्षित गृहिणीने कुणाच्याही मदतीशिवाय, फक्त ८० रुपयांत धंदा सुरू केला आणि १,६०० कोटींची कंपनी उभी केली. जिद्द असेल तर भांडवल लागत नाही.” क्लबने त्याखाली स्वतःची एक ओळ जोडली होती: “आपल्या समाजाने अशा स्त्रियांना नेहमीच मानाचं स्थान दिलं.”

हा निरोप जसवंतीबेनचं कौतुक करायला निघतो आणि त्यांनी खरोखर जे उभं केलं तेच पुसून टाकतो. म्हणून एकेक शब्द घेऊन उत्तर देते.

सुरुवात ‘एका’पासून. १५ मार्च १९५९ ला त्या गच्चीवर सात जणी बसल्या होत्या: जसवंतीबेन पोपट, पार्वतीबेन थोडाणी, उजमबेन कुंडलिया, बानुबेन तन्ना, लागुबेन गोकाणी, जयाबेन विठलाणी आणि दिवाळीबेन लुक्का. शेजारपाजारच्या गुजराती घरांतल्या या बायका. दुपारचं काम आटोपलं की जो वेळ हाताशी राही, त्यातून घराला चार पैसे मिळावेत, एवढाच विचार. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. चार पाकिटं, सात जणी. जसवंतीबेनना दीर्घायुष्य लाभलं, २०२१ साली नव्वदी ओलांडल्यावर त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणून त्यांचं नाव आज सर्वांच्या तोंडी आहे. बाकीच्या सहा जणींची नावं लोकांना आठवत नाहीत, हा त्या सहा जणींचा दोष नाही. गिरगावात फलक लावताना तरी ती यायला हवीत.

‘कुणाच्याही मदतीशिवाय’ हे तर सरळ चूक. ८० रुपये आले छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून. सगळे त्यांना छगनबापा म्हणत. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीशी जोडलेले हे सामाजिक कार्यकर्ते. त्यांनी पैसे दिले ते उसने, दान म्हणून नाही. आणि पैशांपेक्षा मोठी मदत पुढे झाली. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायला. छगनबापांनी सांगितलं, हलका माल काढायचाच नाही. एकच प्रत, ती उत्तम, आणि हिशेब चोख ठेवायचा. बायकांनी ते ऐकलं आणि पुढे कधी मोडलं नाही. लक्ष्मीदासभाई नावाच्या गृहस्थांचा पापडाचा धंदा तोट्यात चालला होता. तो या सात जणींनी आपल्याकडे घेतला. म्हणजे कोऱ्या पाटीवरून सुरुवात झाली असंही नाही. दुसऱ्याच्या हातून बुडत चाललेलं काम त्यांनी उचललं आणि चालवून दाखवलं. माझ्या मते हे कोऱ्या पाटीपेक्षा कठीण आहे.

मदत घेतली हे सांगितल्याने त्यांचं मोठेपण कमी होतं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी विचारते: घरच्या कर्त्या माणसाने भावाकडून उसने घेऊन दुकान टाकलं, तर आपण ते लपवतो का? नाही. उलट त्याने पैसे वेळेवर फेडले हे कौतुकाने सांगतो. मग बायकांच्या बाबतीतच ‘कुणाच्याही मदतीशिवाय’ हे बिरुद कशाला हवं?

‘फक्त ८० रुपये’ याबद्दल. १९५९ साली दहा ग्रॅम सोनं शंभर रुपयांच्या आसपास होतं. ८० रुपये म्हणजे आठ ग्रॅमच्या घरातलं सोनं. आज आठ ग्रॅम सोनं कुणाकडून उसनं मागून पाहा, आणि मग त्या रकमेच्या आधी ‘फक्त’ लिहा. ज्या घरात महिन्याचा किराणा मोजून येतो, त्या घरातल्या बाईने एवढी रक्कम अंगावर घेणं ही जोखीम होती. ती सात जणींनी वाटून घेतली म्हणून झेपली.

यावरूनच ‘भांडवल लागत नाही’ या ओळीकडे येते, कारण तीच मला सगळ्यांत जास्त खटकते. ती वाचून कुणी तरुण मुलगी घरातले होते नव्हते ते पैसे घालून बसेल आणि पहिल्या पावसाळ्यात बुडेल.

पावसाळा हा शब्द मी मुद्दाम वापरला. लिज्जतची सुरुवात मार्चच्या मध्यावर झाली. जूनमध्ये पाऊस आला, पापड वाळेनात, आणि काम चार महिने बंद ठेवावं लागलं. सुरू होऊन जेमतेम अडीच महिने झालेला धंदा चार महिने बंद! पहिल्या वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपयांची. ही विक्री आहे, मिळकत नव्हे. उडीद, हिंग, मिरी, पापडखार यांचा खर्च त्यातूनच. आणि तीन महिन्यांतच बायका सातांवरून पंचविसेक झाल्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. भांडवल म्हणजे काय ते इथे दिसतं: एक खाट, एक स्टोव्ह आणि रॉकेल. ते नव्हतं तेव्हा चार महिने बुडाले. ते आलं तेव्हा बारमाही काम झालं. जिद्द पहिल्या वर्षीही तेवढीच होती.

पुढे १९६६ साली खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने लिज्जतला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली आणि खेळतं भांडवल म्हणून आठ लाख रुपये दिले, काही करांतून सूटही दिली. ८० रुपयांची गोष्ट सगळे सांगतात, आठ लाखांची कुणी सांगत नाही. सरकारी आयोगाने वेळेवर भांडवल पुरवलं की बायकांच्या हातचा उद्योग कुठवर जातो, याचं हे आपल्या मुंबईतलं उदाहरण आहे.

‘अशिक्षित’ हा शब्द फलकावर तर अजिबात नको. शाळा फार झाली नसेल. पण रोज किती पीठ दिलं, किती पापड परत आले, किती तुटले, कुणाला किती लाटणावळ द्यायची, हा हिशेब ज्या ठेवतात त्यांना आपण अशिक्षित म्हणतो कोणत्या तोंडाने?

मी हे लांबून बोलत नाही. आमच्या चाळीत समोरच्या खोलीत एक काकू लिज्जतच्या पापडांचं काम करायच्या. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ डब्यातून आणायच्या. त्याच्या लांब वळ्या करून दोऱ्याने एकसारख्या लाट्या कापायच्या. दोन्ही हातांत दोरा ताणून धरलेला, आणि लाटी बाजूला पडताना आवाजसुद्धा नाही. मग पोळपाट-लाटणं. लाटलेला पापड त्या उपड्या घातलेल्या वेताच्या टोपलीवर टाकायच्या. दुपारपर्यंत खोलीत पाय ठेवायला जागा नसे, चार-पाच टोपल्या पापडांनी झाकलेल्या असत. कडेला जाड राहिलेला पापड त्या स्वतःच बाजूला काढायच्या, कारण केंद्रावर तो चालणार नाही हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी वजन करून देऊन लाटणावळ घेऊन यायच्या. मुलाच्या फीचे पैसे त्या डब्यातूनच निघायचे. काकू मराठी होत्या. हेही सांगायला हवं, कारण निरोप वाचून लिज्जत म्हणजे एका गुजराती बाईंचा खासगी धंदा असं वाटतं. सुरुवात गुजराती घरांतून झाली, पण काम करणाऱ्या हातांत पुढे मराठी हातही आले. ज्योती नाईक आणि स्वाती पराडकर या पुढे संस्थेच्या अध्यक्षा झाल्या. हे पद त्यांना मालकाची लेक म्हणून मिळालेलं नाही. पापड लाटणाऱ्या बहिणींमधूनच या संस्थेत पदाधिकारी होतात.

आता ‘१,६०० कोटींची कंपनी’. यातला आकडा बरोबर आहे. २०१९ च्या सुमारास संस्थेची वार्षिक उलाढाल तेवढी असल्याचं सांगितलं जात होतं. पण उलाढाल म्हणजे नफा नव्हे, आणि कुणा एकीची संपत्ती तर नव्हेच. आणि ‘कंपनी’ हा शब्द साफ चूक. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही १९६६ साली १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे. तिचे शेअर बाजारात नाहीत, तिला मालक कुटुंब नाही. जी बाई काम करायला येते, प्रतिज्ञेवर सही करते, ती सभासद होते; सभासद म्हणजे बहीण आणि सहमालकीण. पुरुष तिथे पगारावर हिशेबनीस असतील, गाडी चालवत असतील, पण सभासद होऊ शकत नाहीत. नफा होतो तो बहिणींमध्ये वाटला जातो, तोटा झाला तर तोही सगळ्यांचा. व्यवस्थापन समितीत २१ जणी, आणि निर्णय सर्वांच्या संमतीने. आज अशा सहमालकिणी पंचेचाळीस हजारांच्या घरात आहेत.

जसवंतीबेननी काय उभं केलं, या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहा मैत्रिणींनी असा उद्योग उभा केला ज्याची मालकीण होण्याचा मोह त्यांनी आवरला. तिसऱ्या वर्षाअखेर बायका तीनशेच्या वर गेल्या, गच्चीवर बसायला जागा उरली नाही. तेव्हा कोणताही व्यापारी काय करेल? मोठी जागा घेईल, बायकांना मजुरीवर बसवेल. यांनी पीठ घरोघरी द्यायला सुरुवात केली, आणि नवीन आलेली बाई पहिल्या सात जणींइतकीच मालकीण राहिली. लिज्जत हे नावसुद्धा कुणा एकीच्या घराण्याचं नाही. १९६२ साली नावासाठी स्पर्धा ठेवली, धीराबेन रुपारेल यांनी सुचवलेलं नाव निवडलं आणि त्यांना पाच रुपये बक्षीस दिलं. आपल्या मराठी कानाला ‘लज्जत’ ओळखीचं, तेच हे. पोपट पापड, जसवंती पापड असं नाव सहज देता आलं असतं.

अशा बाईंना आपण ‘एकटीने कोट्यवधींची कंपनी उभी करणारी’ म्हणतो, तेव्हा त्यांनी जे जाणूनबुजून केलं नाही, तेच त्यांच्या नावावर लिहितो.

शेवटी क्लबची स्वतःची ओळ, ‘समाजाने नेहमीच मानाचं स्थान दिलं.’ हे मी क्लबच्या मंडळींना समोर बसून सांगितलं आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल त्यांचे आभार. रोटरी ही अशाच सेवाभावी क्लबांची जगभरची संघटना, मुंबईत ती १९२९ साली आली. १९५९ साली, म्हणजे तीस वर्षांनी, जसवंतीबेनना तिचं सभासद होता आलं असतं का? नाही. रोटरी तेव्हा जगभर फक्त पुरुषांसाठी होती. व्यवसायात नाव काढलेल्या माणसांचा क्लब, पण बाईचा व्यवसाय त्यात धरत नसत. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतलं, तर वरिष्ठ संघटनेने त्या क्लबची सनदच काढून घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ४ मे १९८७ ला निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. जगभरातला नियम १९८९ साली बदलला. लायन्स या अशाच दुसऱ्या संघटनेनेही स्त्रियांना सभासदत्व १९८७ लाच खुलं केलं. तोवर लिज्जतला सुरू होऊन २८ वर्षं झाली होती. सेवाभावी क्लबांच्या पंगतीत बायका होत्या, पण बहुतेक सभासदाची पत्नी म्हणून.

हे मी दोष द्यायला सांगत नाही. आज क्लबला गौरव करावासा वाटतो ही खरंच चांगली गोष्ट आहे. पण साठ वर्षं उशीर झाला असताना ‘नेहमीच’ लिहिलं, तर उशीर झाला हे कुणाला कळणारच नाही. पद्मश्रीलाही सुरुवातीपासून ६२ वर्षं लागली.

मी सुचवलेला मजकूर क्लबकडे गेला आहे. त्यात वर जागेचं नाव आणि तारीख आहे, लोहाणा निवास, १५ मार्च १९५९. ‘संस्थापिका’च्या जागी ‘संस्थापिकांपैकी एक’ केलं आहे. ‘अशिक्षित’, ‘फक्त’, ‘कंपनी’ आणि ‘नेहमीच’ हे चार शब्द काढले आहेत. छगनबापांची उसनवारी एका ओळीत आहे, आयोगाचे आठ लाख दुसऱ्या ओळीत. खाली सातही नावं आहेत. फलक करणाऱ्याचं म्हणणं आलं, एवढी नावं घातली तर अक्षरं बारीक करावी लागतील. मी कळवलं आहे, अक्षरं बारीक करा, नाव एकही काढू नका.