नव्वदच्या दशकाची खरी ओळख: माझे मत हिप-हॉपला

नव्वदच्या दशकातल्या संगीताचा विषय निघाला की पहिला मान बहुधा ग्रंजला, म्हणजे अमेरिकेतल्या खरखरीत गिटारच्या रॉकला, मिळतो, आणि त्याला कारणही आहे. निर्वाणा या ग्रंज बँडचा दुसरा अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या अल्बमच्या क्रमवारी यादीत मायकेल जॅक्सनच्या अल्बमला पहिल्या क्रमांकावरून हटवले. त्या बँडचा गायक कर्ट कोबेन याचा आवाज मला आजही तितकाच हेलावून टाकतो. तरीही दशकाची ओळख ठरवायची तर माझे मत ग्रंजला नाही. गिटार, बास, ड्रम आणि गाणारा माणूस ही मांडणी त्याच्या कितीतरी आधी रुळलेली होती. ग्रंजने तिच्यात नवा जीव ओतला, पण गाणे घडवण्याची रीत तीच राहिली. ती रीत हिप-हॉपने मुळापासून बदलली: जुन्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे कापून-जोडून ठेका बनवायचा आणि त्यावर लयीत बोलायचे, म्हणजे रॅप करायचे.

हिप-हॉपचे श्रोते किती आहेत, हे सुद्धा त्याच दशकात पहिल्यांदा नीट मोजले गेले. मे १९९१ पर्यंत बिलबोर्डची यादी दुकानदारांनी कळवलेल्या माहितीवर बनत असे. त्यानंतर बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली आणि जूनमध्येच एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. हे श्रोते एका महिन्यात जन्मले नव्हते, ते आधीपासूनच होते.

या संगीताची कारागिरी समजून घ्यायची असेल तर ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या सॅम्पलरकडे, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्राकडे, पाहावे. १९८७ साली आलेल्या या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठवता येत असे. एवढ्याशा जागेत अधिक आवाज बसावा म्हणून संगीतकार मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी मुद्दाम ४५ च्या वेगाने वाजवत, तो पळता आवाज यंत्रात भरत आणि मग यंत्रातच त्याचा वेग उतरवून घेत. या उतरवण्यात आवाजाला एक खरखरीत, जाडसर पोत येई, आणि न्यूयॉर्कच्या त्या काळातल्या हिप-हॉपचा जो धुळकट ठेका आपल्या कानांत बसला आहे, त्यात या खरखरीचा वाटा फार मोठा आहे. यंत्राच्या मर्यादेतूनच त्यांनी आपला स्वर घडवला, म्हणून ‘दुसऱ्यांची गाणी कापून जोडली, यात कसली कला?’ हा आक्षेप मला मुळीच पटत नाही.

तो आक्षेप न्यायालयातही पोहोचला. डिसेंबर १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात निकाल लागला आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा वापरणे धोक्याचे झाले. अनेक थरांचे, डझनावारी तुकड्यांचे अल्बम त्यानंतर परवडेनासे झाले. रॅपर आणि निर्माता डॉ. ड्रे याने १९९२ च्या अखेरीस आलेल्या आपल्या अल्बमात फंक या ठेकेदार नृत्यसंगीताच्या जुन्या चाली बऱ्याच ठिकाणी वादकांकडून नव्याने वाजवून घेतल्या, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा तो संथ, तरंगता नाद पुढची काही वर्षे सर्वत्र पसरला.

इंग्लंडमधल्या ‘जंगल’ नावाच्या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताला मी याच घराण्यातले मानतो. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या एका ध्वनिमुद्रणात ग्रेगरी कोलमन याने वाजवलेला सहा-सात सेकंदांचा एकट्या ड्रमचा तुकडा आहे. तो तुकडा वेगात पळवून, त्यातला एकेक ठोका सुटा करून आणि नव्या क्रमाने जोडून एक अख्खी शैली उभी राहिली. कोलमनला मात्र हयातीत त्याचे मानधन मिळाले नाही, याची खंत हे संगीत जीव लावून ऐकणाऱ्या प्रत्येकाला असायला हवी.

ब्रिटपॉपचा, म्हणजे ब्रिटनमधल्या गिटार बँडच्या पॉपचा, आवाका मला एका देशापुरता वाटतो. दशकाच्या शेवटी आलेल्या बॉय बँडची लोकप्रियता निर्विवाद होती, पण त्यांच्या नृत्यात आणि ठेक्यातही हिप-हॉप आणि आर अँड बी (कृष्णवर्णीय अमेरिकनांचे भावपूर्ण गायन-संगीत) यांचाच अंश होता. आर अँड बीचे तर वेगळे दालन मानायलाही मी कचरतो, गायिका मेरी जे. ब्लाइजने १९९२ मध्येच आपले आर्त गाणे हिप-हॉपच्या ठेक्यावर आणून ठेवले होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये लॉरिन हिलच्या अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि हिप-हॉपच्या अल्बमला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या अल्बमात तीच गाते आणि तीच रॅप करते, आणि एकातून दुसऱ्यात ती कधी शिरली हे मला अनेकदा ऐकूनही नेमके पकडता आलेले नाही.