ऑटो ब्राइटनेस बंद केल्याने बॅटरी वाचते, हे खरे नाही

भारनियमन सुरू झाले की आमच्या परभणी जिल्ह्यातील व्हॉट्सॲप गटांवर ऑटो ब्राइटनेसविषयी, म्हणजे भोवतालच्या प्रकाशानुसार पडद्याचा उजेड आपोआप कमी-जास्त करणाऱ्या फोनमधील सोयीविषयी, एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा : ‘फोनमधील ऑटो ब्राइटनेस ताबडतोब बंद करा. त्याचा सेन्सर दिवसरात्र चालू राहून बॅटरी खातो, उजेड सारखा कमी-जास्त झाल्याने प्रोसेसरवर ताण येतो, आणि बॅटरी लवकर खराब व्हावी म्हणूनच कंपन्या ही सोय आधीपासून चालू करून देतात. उजेडाची पट्टी अर्ध्यावर ठेवा, बॅटरी दुप्पट टिकेल.’ संध्याकाळी वीज असेलच याची खात्री नसलेला माणूस असा सल्ला लगेच अमलात आणतो, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान सेन्सरविषयी आहे. फोनच्या वरच्या कडेला, पुढच्या कॅमेऱ्याजवळ किंवा काही फोनांत पडद्याखाली, प्रकाश मोजणारा एक अगदी लहान घटक असतो. अशा सेन्सरला साधारणपणे ०.१ ते ०.३ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. तो ०.२ मिलिअँपिअर धरला आणि संदेशात म्हटल्याप्रमाणे सेन्सर चोवीस तास अखंड चालला असे मानले, तरी खर्च ५ मिलिअँपिअर-तासांहून कमी भरतो. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत हा एका टक्क्याचा जेमतेम दहावा हिस्सा झाला. प्रत्यक्षात पडदा बंद असताना उजेड ठरवण्याची गरजच नसते, त्यामुळे खरा खर्च याहूनही कमी असतो. उलट पडदा घरातल्या बेताच्या उजेडावर अर्ध्या वॅटच्या आसपास वीज घेतो आणि उन्हात पूर्ण उजळला की त्याच्या कित्येक पट घेतो. बॅटरी संपते ती पडद्याच्या उजेडामुळे. तो उजेड मोजणाऱ्यामुळे नव्हे.

प्रोसेसरवरील ताणाचे म्हणणे फार वेळ घेण्यासारखे नाही. प्रकाशात ठळक फरक पडेपर्यंत फोन उजेड बदलत नाही. किरकोळ चढउतार तो सोडून देतो आणि उजेड कमी करण्यापूर्वी काही सेकंद थांबतो. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने रेखाटणाऱ्या यंत्राला एवढे काम जाणवतही नाही.

‘पट्टी अर्ध्यावर ठेवा’ हा सल्ला मात्र सविस्तर पाहावा लागेल, कारण खरे नुकसान त्यातूनच होते. आपल्याकडील माळवदाच्या घरात, माजघरात बसले की भर दुपारीही उजेड शंभर लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आत असू शकतो. ढाळजेत आले की तो वाढतो, आणि वावरात पाऊल ठेवले की वैशाखातल्या उन्हाचा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो. एका घरापासून एका बांधापर्यंतच्या या हजारपट फरकाला पट्टीची कोणतीही एक जागा पुरी पडत नाही. अर्ध्यावर ठेवलेला पडदा माजघरात गरजेपेक्षा जास्त उजळ असतो, म्हणजे तिथे वीज वाया जाते. आणि वावरात तो वाचताच येत नाही. ई-पीक पाहणीसाठी उभ्या पिकाचा फोटो काढून माहिती भरताना हे प्रत्येकाने अनुभवले असेल. मग माणूस पट्टी शेवटापर्यंत ओढतो, काम उरकतो, फोन खिशात टाकतो आणि पट्टी परत खाली आणायचे विसरतो. त्या रात्री शेतातल्या आखाड्यावर अंधारात तोच फोन पूर्ण उजेडावर चालत राहतो. माझ्या ओळखीत ज्यांनी ऑटो ब्राइटनेस बंद केले, त्यांच्यापैकी बहुतेकांचे फोन मला याच अवस्थेत दिसले आहेत.

यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. डोळ्याला प्रकाश सरळ पटीत जाणवत नाही. उजेड दुप्पट केला तरी तो दुप्पट वाटत नाही. पट्टीची रचना डोळ्याच्या या स्वभावाला धरून केलेली असल्याने शेवटच्या टप्प्यात बोटभर सरकवले तरी विजेचा खर्च झपाट्याने वाढतो, आणि तेवढ्याने दिसण्यात पडलेला फरक मात्र थोडाच असतो.

कंपन्यांच्या हेतूविषयीचा आरोप तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. आयफोनमध्ये २०१७ पासून हे बटण नेहमीच्या जागेवरून काढून सुलभतेच्या (ॲक्सेसिबिलिटी) सेटिंगमध्ये ठेवले गेले, आणि ते बंद केल्यास बॅटरीच्या टिकण्यावर परिणाम होऊ शकतो, अशी सूचनाही तिथेच दिलेली आहे.

संदेशात तथ्याचा एक अंश आहे, तो मान्य केला पाहिजे. जो माणूस दिवसभर एकाच खोलीत बसून काम करतो आणि पट्टी अगदी खाली ठेवून समाधानी असतो, त्याचा खर्च स्वयंचलित व्यवस्थेपेक्षा कमी येऊ शकतो. उन्हात ही व्यवस्था उजेड वाढवते आणि बॅटरी जास्त वापरते, हेही खरे. पण तिथे तो उजेड लागतोच. घरात पडदा फार उजळ वाटत असेल, तर सोय बंद न करता पट्टी थोडी खाली ओढावी. अँड्रॉइडच्या २०१८ मधील नवव्या आवृत्तीपासून अनेक फोन ही दुरुस्ती लक्षात ठेवतात आणि तशाच प्रकाशात पुढे तीच पातळी वापरतात.

उन्हात पडदा एकाएकी मंद झाला, तर तो दोष बहुधा ऑटो ब्राइटनेसचा नसतो. फोन फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो उजेड कमी करतो, आणि पट्टी हाताने ओढलेली असली तरी हेच घडते. सावलीत मात्र पडदा अकारण अंधारा राहत असेल, तर आधी काचेचा गार्ड किंवा कव्हरची कड सेन्सरवर आली आहे का ते पाहावे. अंधाऱ्या खोलीत दुसऱ्या फोनचा टॉर्च वरच्या कडेवर धरून काही सेकंद थांबावे. पडदा उजळला, तर सेन्सर झाकलेला नाही.